मिठाच्या पिंपातला साका

प्रवाळांची टाकी घरी ठेवणाऱ्या मंडळींत दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाला मीठ कालवायच्या पिंपाच्या तळाशी पांढरा साका दिसला की रात्री झोप लागत नाही. दुसऱ्या पंथाने ते पिंप विकत आणल्यापासून आतून पाहिलेलंच नसतं. मी कुठल्या पंथातली विचाराल तर दुसऱ्याच्या जरा जवळची. पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे आणि ते आज एकदाचं लिहूनच टाकते, कारण या साक्याच्या धास्तीपायी लोक जे उद्योग करतात ते साक्यापेक्षा भयंकर असतात.

"हिच्याकडे मासे आहेत" यापलीकडे ज्यांना काही ठाऊक नाही अशा काकू-मावश्यांसाठी आधी थोडं. इथे न्यू जर्सीत समुद्र काही लांब नाही, पण किनाऱ्याचं पाणी बादलीने आणून मी टाकीत ओतत नाही. नळाचं पाणी आरओ-डीआय गाळणीतून काढायचं, त्यात लिटरमागे ३५-४० ग्रॅम विकतचं समुद्री मीठ घालायचं आणि पंप लावून ढवळत ठेवायचं. हे ज्या पिंपात चालतं तो बहुतेकांकडे कचऱ्यासाठी मिळणारा मोठा प्लास्टिकचा डबाच असतो. (नवाकोरा! सासूबाईंना हे तीनदा सांगावं लागलं.)

हे मीठ म्हणजे आपलं जेवणातलं मीठ नव्हे. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाचं जहाज जगभरच्या समुद्रांवर फिरलं. त्याने आणलेले पाण्याचे ७७ नमुने डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले. पाणी कुठे जास्त खारट, कुठे कमी. पण त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सगळीकडे सारखंच. आज कोणी पिशवीत भरून समुद्र विकू शकतो तो याच जोरावर. त्यात सोडियम आहे, मॅग्नेशियम आहे, लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे आणि शिवाय बायकार्बोनेट. घोळ होतो तो या शेवटच्या दोघांत. ते भेटले की चुना खाली बसायला बघतो. खऱ्या समुद्रातसुद्धा वरच्या उबदार थरात पाण्याला पेलवेल त्यापेक्षा जास्त चुना विरघळलेला असतो. मॅग्नेशियम मध्ये पडतं म्हणून तो सहजी खाली येत नाही, इतकंच.

भाईंदर-वसईच्या मिठागरांवरून लोकलने गेलेल्यांना मिठाचे पांढरे ढीग आठवत असतील. तिथे पाणी आटत जातं तेव्हा आधी बसतो तो चुना, मग जिप्सम, आणि पाणी अगदी दाट झाल्यावर मीठ. युसिग्लिओने १८४९ मध्ये भूमध्य समुद्राचं पाणी आटवून हा क्रम नोंदवला. आपण पिंपात करतो ते याच्या उलट. पण मिठाचा दाणा पाण्यात पडला की क्षणभर त्याच्याभोवती अति दाट पाणी होतं, आणि तेवढ्यात चुना संधी साधतो. म्हणून चालू पंपाच्या पाण्यात थोडं थोडं मीठ टाकायचं. आधी मीठ आणि वर पाणी, असं कधी करू नये.

आई इथे आली होती तेव्हा तिने पिंपात डोकावून म्हटलं, "अगं, हे तर आपल्या गीझरच्या कॉइलसारखं झालंय." बोअरच्या पाण्यावर संसार केलेल्या बाईला रसायनशास्त्र शिकवावं लागत नाही. बरोबर तेच आहे हे! गरम पृष्ठभागावर चुना लवकर बसतो, म्हणून पिंपातल्या हीटरवर सगळ्यात जाड पुट दिसतं.

आता माझा मुद्दा. तो साका विषारी नाही. प्रवाळ ज्याचा सांगाडा बांधतात तेच हे कॅल्शियम कार्बोनेट. प्रश्न असतो तो पाण्यातून काय गेलं याचा, आणि त्याचा हिशेब सोपा आहे. १०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचने उतरली तर सुमारे १.८ ग्रॅम चुना खाली बसलेला असतो. पाव चमचाभर धरा. त्याच वेळी कॅल्शियम फक्त लिटरला ७ मिलिग्रॅमने उतरतं, जे घरगुती टेस्ट किटला धड कळतही नाही. म्हणजे वर्षभरात पन्नास वेळा पाणी कालवून जमलेला पातळ पापुद्रा बघून घाबरण्यात अर्थ नाही. पण घासलेल्या पिंपात एका रात्रीत पांढरा थर आला, तर मात्र त्या पाण्याची अल्कलिनिटी मोजल्याशिवाय ते टाकीत जाता कामा नये. साका किती आहे यापेक्षा तो किती दिवसांचा आहे हे बघा, असं मी दहा जणांना तरी सांगितलं असेल. लोक ऐकतात आणि पुन्हा फोटो पाठवतात. असो.

एका रात्रीत थर येण्याची कारणं ठरलेली असतात. अल्कलिनिटी मुद्दाम चढी ठेवलेलं मीठ आणायचं, त्यात हीटर लावायचा आणि पाणी आठवडाभर ढवळत ठेवायचं! काही पिशव्यांवर स्पष्ट लिहिलेलं असतं की कालवल्यावर काही तासांत वापरा. पण पिशवीवरचं वाचतो कोण?

तपकिरी थराची गोष्ट निराळी. तो बहुधा मिठातल्या न विरघळणाऱ्या मातकट अंशाचा असतो. पाणी थोडा वेळ स्थिर ठेवून वरचं वरचं घेतलं की झालं. बोट लावल्यावर बुळबुळीत लागला तर तो सजीव आहे. त्याला दयामाया नको, सरळ घासून काढावा.

आणि आता ते उद्योग. साका दिसला म्हणून दर दोन महिन्यांनी मिठाचा ब्रँड बदलणारे लोक मला माहीत आहेत. एका मिठाची अल्कलिनिटी ८, दुसऱ्याची १२. पिंप स्वच्छ दिसतं, पण टाकीतल्या बिचाऱ्या ॲक्रोपोराची टोकं पांढरी पडतात. त्याहून वाईट म्हणजे आधी ब्लीच ओतायचं आणि मन भरलं नाही म्हणून वरून ॲसिड. या दोघांतून क्लोरीन वायू निघतो. इथल्या हिवाळ्यात खिडक्या बंद असलेल्या तळघरात हा खेळ करणं म्हणजे जिवाशीच गाठ आहे. व्हिनेगरसुद्धा ॲसिडच आहे, विसरू नका.

मी वर्षातून दोनदा पिंप साफ करते, तेही पंपाचं चाक चुन्याने अडकू नये म्हणून आणि जुना थर नव्या थराला बसायला जागा देतो म्हणून. साधं ५ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर किंवा पाण्यात विरघळवलेलं लिंबूसत्त्व. लिटरभर व्हिनेगरात हिशेबाने ४० ग्रॅमच्या आसपास चुना विरघळतो, म्हणजे माझ्या पिंपाला एक बाटली चिक्कार होते. रात्रभर पंप त्यात फिरवायचा, सकाळी दोनदा खळबळून टाकायचं. तारेची घासणी नको, प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि पुढचा साका नेमका तिथेच चिकटतो.

पुण्याहून भाच्याने विचारलंय, "मावशी, मीपण सुरू करू का?" त्याला सांगितलं, समुद्री मासे ठेव, पण दगडी प्रवाळांच्या नादी लागू नकोस. ते २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि "सगळेच ठेवतात" हे विकणाऱ्याचं म्हणणं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. मासे म्हटले तरी मीठ कालवणं आलंच. त्याने २०० लिटरचं निळं पिंप आधीच घेऊन ठेवलंय, जुन्या बाजारातून. आधी त्यात काय भरलेलं होतं ते विचारून घे म्हटलं, नाहीतर ते छतावर तुळशीला पाणी साठवायलासुद्धा नको.