कोलोरॅडोचं ४-८ आणि हाकललेली पोरं

कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०२३ च्या फुटबॉल सीझनचं कौतुक अजून संपत नाही. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हेल्मेटवालं.) "आदल्या वर्षी १२ पैकी १ जिंकले होते, नव्या कोचने ४ जिंकून दिले! कोच असावा तर डिऑन सँडर्ससारखा!" मला हे कौतुक अजिबात पटत नाही.

आधी हिशोब बघा. पहिल्याच सामन्यात आदल्या सीझनच्या उपविजेत्या टीसीयूला ४५-४२ हरवलं. मग नेब्रास्का, मग कोलोरॅडो स्टेट. तीनपैकी तीन! चौथ्यात ओरेगॉनने ४२-६ धुतलं. स्टॅनफर्डविरुद्ध हाफटाइमला २९-० पुढे होते, तरी ४६-४३ हरले. तो सामना धरून शेवटचे सहाच्या सहा गेले. पॅक-१२ मध्ये तळाला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे तीन सामनेच.

पण हरणं हा गुन्हा नाही. माझा राग आहे तो डिसेंबर २०२२ वर. सँडर्सनी पहिल्याच बैठकीत, कॅमेऱ्यासमोर, असलेल्या खेळाडूंना दुसरं कॉलेज शोधायला सांगितलं. वर ऐकवलं की मी माझं सामान घेऊन येतोय, आणि ते लुई व्हिटॉनचं आहे. पन्नासहून जास्त पोरं गेली.

"नियमात बसतं की!" हो, तेव्हा बसत होतं. नवा कोच पहिल्या वर्षी मुलाला संघाबाहेर काढू शकत होता. शिष्यवृत्ती चालू ठेवली की झालं, तो मुलगा तेव्हाच्या ८५ च्या मर्यादेत मोजलाही जात नसे. म्हणजे वर्गात बस, पण मैदानात दिसू नकोस. याच विद्यापीठाने त्याला खेळण्यासाठी बोलावून आणलं होतं ना?

"कंपनीत नवा साहेब आला की असंच होतं." अहो, कंपनी पगार देते! तेव्हा विद्यापीठ या मुलांना पगार देत नव्हतं. का, तर तुम्ही आधी विद्यार्थी. मग काढताना नोकर कसे झाले? कोचला मात्र पाच वर्षांचे २ कोटी ९५ लाख डॉलर, आणि तेही तेव्हा हातात नव्हते हे खुद्द अ‍ॅथलेटिक डायरेक्टरने सांगितलेलं. हे सरकारी विद्यापीठ आहे, कुणाची खासगी फ्रँचायझी नाही.

आता कुणीतरी २०२४ काढेल. ९-४ झाले, ट्रॅव्हिस हंटरला हाइझमन मिळाली. मान्य, हंटर अफाट खेळाडू. पण तो सँडर्सबरोबरच जॅक्सन स्टेटहून आलेला. तो आणि सँडर्सचा मुलगा शेडर एनएफएलला गेले, आणि २०२५ मध्ये संघ ३-९. यात कॉलेजने घडवलं काय?

कोचला मुदतीआधी काढलं तर करारानुसार भरपाई मिळते. संघातून काढलेल्या पोरालाही मिळाली पाहिजे. ती देणार नसाल तर निदान ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द तरी वापरू नका.