कॅम्पस, गेट की एमपीएससी?

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा पोरगा दिवाळीला पुण्याहून वाशीमला आला, की घरी पोचायच्या आत त्याला दोन सल्ले मिळालेले असतात. एक, 'कॅम्पसमध्ये जे मिळंल ते धर.' दुसरा, 'साहेब हो, लाल दिव्याच्या गाडीत ये.' (लाल दिवे 2017 मध्येच गेले, सल्ला काही जात नाही.) मुलगी असेल तर तिसराही सल्ला असतो, तो इथे लिहायची गरज नाही.

हुशार पोरं मग सगळंच करायला जातात. सकाळी गेटचा क्लास, दुपारी कोडिंग, रात्री राज्यसेवेच्या नोट्स. सहा महिन्यांत तिन्ही अर्धवट.

आम्हाला वाटतं, 'सगळ्यात भारी काय' हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा आणि कोणती संधी कधी हातची जाते ते आधी पाहावं. गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि तिचा स्कोअर 3 वर्षं चालतो. राज्यसेवेला खुल्या गटातून 38 वर्षांपर्यंत बसता येतं. कॉलेजचं कॅम्पस मात्र एकदाच. म्हणून चौथ्या वर्षात आधी कॅम्पस, मग पॅकेज साडेतीन लाखांचं का असेना.

साडेतीन लाख ऐकायला बरं वाटतं. हातात महिना पंचवीस हजारांच्या आतबाहेर येतात, म्हणजे 2025-26 च्या 5,328 रुपये हमीभावाने साडेचार-पाच क्विंटल सोयाबीन. त्यातून पुण्यातली रूम आणि मेस भागवून घरी किती पाठवणार, हा हिशोब रिसोड-मानोऱ्याच्या पोराला कोणी शिकवावा लागत नाही.

शिवाय ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे. इन्फोसिसने 2022 मध्ये निवडलेल्या कित्येक मुलांना रुजू व्हायला दोन वर्षं थांबावं लागलं, प्रकरण केंद्राच्या कामगार मंत्रालयापर्यंत गेलं. पण थांबणं एमपीएससीतही आहेच. 2019 च्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेत मुख्य परीक्षा पास झालेल्यांच्या मुलाखती 2021 पर्यंत रखडल्या होत्या. आता 2025 पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, त्यामुळे आधीपासून तयारी करणाऱ्या दादा-ताईंनाही उत्तरं लिहायचा सराव नव्याने करावा लागतोय.

सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांनी गेटकडे जरा जास्त गंभीरपणे पाहावं. एनटीपीसी, ओएनजीसीसारख्या सरकारी कंपन्या त्या स्कोअरवर भरती करत आल्या आहेत. एम.टेक.ला गेलात तर महिना 12,400 रुपये मिळतात. मेस निघते, कर्जाचा हप्ता नाही.

आणि हप्त्याबद्दल आपण घरात बोलतच नाही. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारण कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होते. म्हणजे नोकरी न धरता फुल टाइम अभ्यासाला बसायचं असेल, तर पहिलं वर्ष निभावतं, दुसऱ्या वर्षी हप्ता बाबांच्या खात्यातून जातो. ते द्यायला तयार असतीलही, पण त्यांना आधी विचारलं पाहिजे. पहिला हप्ता कोणत्या महिन्यात, किती रुपयांचा, हे बँकेत जाऊन कागदावर लिहून आणा आणि राज्यसेवेला किती प्रयत्न द्यायचे ते त्यावरून ठरवा. गेटचा फॉर्म साधारण ऑगस्टअखेर सुटतो, तोवर हे बोलणं घरात झालेलं असावं.