मांजराचा सब्र आणि आपला आंधळेपणा

मांजर पाक आहे, नबीसाहेबांना प्रिय होतं, म्हणून आम्ही पाळतो. हे उत्तर आपल्या मोहल्ल्यात कुठल्याही घरी ऐकायला मिळतं. सोबत मुएज्झा नावाच्या मांजरीची आणि कापलेल्या बाहीची गोष्टही येते. ही गोष्ट हदीसच्या प्रमाण संग्रहांत नाही, तरी ती सगळ्यांना पाठ आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेली हदीस मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. एका बाईने मांजर कोंडून ठेवलं, खायला दिलं नाही, स्वतःचं भक्ष्य शोधायला सोडलंही नाही. ते मेलं आणि ती जहन्नममध्ये गेली. तिने मांजराला मारल्याचा उल्लेख त्यात नाही. त्या जिवाचं काय होतंय, हे तिने पाहिलंच नाही.

मी हे कोणत्या तोंडाने सांगतोय? आमचा बोका शेरू दोन दिवस मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन कुंथत होता. बद्धकोष्ठ असेल, असं आम्ही घरातच ठरवलं. अम्मीने कोमट दूध पाजलं, मी दुआ केली. तिसऱ्या दिवशी तो कपाटामागे निपचित सापडला. लघवीची वाट तुंबली होती. बोक्याला असं झालं तर एक-दोन दिवसांतही जीव जातो, हे मला डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. शेरू वाचला नाही. ‘पण तो ओरडला नाही हो,’ मी म्हणालो. ‘मांजर दुखणं लपवतं,’ डॉक्टर म्हणाले.

लपवतं, पण पाहणाऱ्यापासून पूर्ण लपत नाही. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी 2019 साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत मांडली. कान, डोळे, तोंडाचा पुढचा भाग, मिशा आणि डोकं अशा पाच गोष्टी पाहायच्या. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे मिचकावलेले, तोंड ताणलेलं, मिशा ताठ, डोकं खांद्यांच्या खाली झुकलेलं. प्रत्येकाला 0 ते 2 गुण द्यायचे. 10 पैकी 4 किंवा जास्त भरले तर वेदनाशामकाचा विचार करायचा.

गुण मोजणं जमलं नाही तरी घरातल्या माणसाला बरंच दिसतं. खिडकीवर उडी मारणारं मांजर आता खालीच बसतं. अंग चाटणं सोडतं, केसांच्या गाठी होतात. खाणं कमी होतं. पलंगाखाली लपतं. पाठीला हात लावला की फिसकारतं आणि आपण म्हणतो, ‘माजलंय.’ गुरगुरतंय म्हणजे खुशीत आहे, असंही नाही. दुखतानाही मांजर गुरगुरतं. आणि कृपा करून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

‘इथे माणसांच्या औषधाला पैसे नाहीत, मांजराला कुठला डॉक्टर?’ हा प्रश्न मी ऐकलाय. गरिबीची थट्टा मला करायची नाही. पण पाहायला पैसे लागत नाहीत, आणि तालुक्याच्या सरकारी पशुदवाखान्यात विचारायलाही फार लागत नाहीत. ज्या घरात बिर्याणीच्या देगा चढतात, त्या घराने तरी ही सबब सांगू नये.

‘मुका जीव आहे, सब्र करतो,’ असंही लोक म्हणतात. सब्र माणूस जाणूनबुजून करतो. मांजर असहाय असतं. त्या असहायतेला सब्र म्हणून आपण स्वतःची सुटका करून घेतो.

अबू दाऊदमध्ये एका उंटाची हदीस आहे. नबीसाहेबांना पाहून तो कण्हला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याच्या कानामागून हात फिरवला, तो शांत झाला. मग त्यांनी मालकाला बोलावून विचारलं, या जनावराबाबत अल्लाहची भीती वाटत नाही का? त्याला उपाशी ठेवून राबवतोस, अशी याची तक्रार आहे. सुन्नतचं नाव घेऊन मांजर पाळायचं असेल तर ही सुन्नतही पाळावी लागेल. जुम्याच्या खुतब्यात मौलानांनी हे एकदा तरी सांगावं. आणि तोवर, आज रात्री आपल्या मांजराच्या तोंडाकडे जरा नीट पाहा. मी शेरूकडे तसं पाहिलं नव्हतं.