वॉटरजेट म्हणजे विहिरीवरचा पंपच, पण तो पुराच्या पाण्यात टिकेल का?

2025 च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातल्या रावणगाव, हसनाळ या गावांत रातोरात पाणी घुसलं. सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सीना सगळ्याच नद्या फुगल्या. तेव्हापासून आमच्या किल्लारीत चार माणसं बसली की बोटीचा विषय निघतोच. हे भूकंपाचं गाव आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट ज्यांनी पाहिली त्यांना मदत दोन तास आधी पोचणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही.

अशातच पुतण्याने मला एक व्हिडिओ पाठवला. न्यूझीलंडमधली बोट, घोटाभर पाण्यातून दगडगोट्यांवरून सुसाट चाललेली, आणि मागे पंखा दिसतच नाही. खाली त्याचा प्रश्न: "काका, ही बोट आपल्या जिल्ह्याला का घेत नाहीत?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले, आणि ते सरळ हो किंवा नाही असं निघालं नाही.

आधी ही बोट चालते कशी ते पाहू. अलिबाग, तारकर्लीला जेट स्की पाहिली असेल, तीच युक्ती. बोटीच्या तळाला एक तोंड असतं, तिथून पाणी आत ओढलं जातं. आत इंजिनावर फिरणारा इंपेलर असतो, तो पाण्याला ढकलतो. त्याच्यामागे न फिरणारी पाती असतात, ती गरगरणाऱ्या पाण्याला सरळ करतात. मग निमुळत्या नोझलमधून पाणी मागे जोरात फेकलं जातं आणि बोट पुढे जाते. वळायचं असेल तर नोझल डावी-उजवीकडे फिरवायची. मागे यायचं असेल तर नोझलवर एक झडप खाली आणायची, म्हणजे तोच फवारा उलटून पुढच्या बाजूला जातो. सुकाणू नाही, बाहेर फिरणारा पंखा नाही.

थोडक्यात, हा पंप आहे. आपल्या विहिरीवरच्या मोनोब्लॉकचा चुलतभाऊ म्हणा. आणि गंमत म्हणजे तो चालता केला एका शेतकऱ्यानेच. बिल हॅमिल्टन हा न्यूझीलंडमधला मेंढपाळ-शेतकरी. त्याच्या भागातल्या नद्या आपल्या तेरणेसारख्याच, पसरट आणि उथळ, त्यामुळे पंख्याची बोट तळाला घासायची. 1954 च्या सुमारास त्याने सेंट्रिफ्यूगल पंप बसवून पाहिला. सुरुवातीला नोझल तळाखाली होती, तेव्हा वेग बेताचाच मिळाला. नोझल पाण्याच्या पातळीच्या वर, बोटीच्या पाठीमागे आणल्यावर खरी चाल आली. 1960 मध्ये अशाच बोटी अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीत प्रवाहाच्या उलट वर गेल्या. 1977 मध्ये एडमंड हिलरींनी गंगासागरपासून नंदप्रयागपर्यंत गंगा याच बोटींनी वर चढून दाखवली.

आता आपल्या देशातल्या ताज्या बातम्या. वॉटरजेटच्या बाबतीत 2025 मध्ये दोन उलट्या दिशेच्या गोष्टी घडल्या आणि दोन्हींचा आपल्या भागाशी संबंध आहे.

18 जून 2025 ला विशाखापट्टणमला आयएनएस अर्नाळा नौदलात दाखल झाली. नाव वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचं, जो 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला होता. 77 मीटर लांब, सुमारे 1,490 टनांची ही पाणबुडीविरोधी नौका. डिझेल इंजिन आणि वॉटरजेट अशा जोडीवर चालणारी ही नौदलाची सर्वांत मोठी युद्धनौका ठरली. याच प्रकारच्या 16 नौका बांधायच्या ठरल्या, आठ कोलकात्याच्या आणि आठ कोचीच्या शिपयार्डकडे. कोचीतली पहिली, आयएनएस माहे, 24 नोव्हेंबरला मुंबईतच दाखल झाली.

दुसरी गोष्ट गोव्यातली. तटरक्षक दलाच्या आधीच्या जलद गस्ती नौका, म्हणजे कोचीत बांधलेल्या आदेश वर्गातल्या 20 नौका, वॉटरजेटवर 33 नॉटपर्यंत धावतात. एक नॉट म्हणजे तासाला 1.852 किलोमीटर, तेव्हा हे झाले ताशी 60 किलोमीटरच्या वर. पण गोवा शिपयार्डने बांधलेल्या नव्या आठ नौकांपैकी पहिली, आदम्य, 26 जून 2025 ला दलाच्या ताब्यात आली ती पुन्हा पंखा घेऊन. पंखाही साधा नाही. त्याच्या पात्यांचा कोन चालत्या बोटीत बदलता येतो. पंखा आणि गिअरबॉक्स दोन्ही देशात विकसित केलेले. वेग सुमारे 28 नॉट.

म्हणजे आठवड्याभरात एकाने वॉटरजेटवर सर्वांत मोठी नौका उतरवली आणि दुसऱ्याने वॉटरजेट सोडून दिला. यातला एक चुकला का? मला तसं वाटत नाही. याचं कारण एका छोट्या हिशेबात आहे.

नोझलमधून पाणी बोटीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने निघायला हवं, नाहीतर ढकलणार काय? पण ते जितकं जास्त वेगाने निघेल तितकी ताकद मागच्या पाण्यातच फुकट जाते. कागदावरचा नियम असा: फवाऱ्याचा वेग भागिले बोटीचा वेग, त्यात एक मिळवा, आणि दोनला त्या आकड्याने भागा. बोट सेकंदाला 20 मीटर (ताशी 72 किलोमीटर) आणि फवारा 30 मीटर असेल तर 80 टक्के ताकद कामी येते. बोट सेकंदाला 3 मीटर, म्हणजे ताशी 11 किलोमीटरने रांगत असेल आणि फवारा 15 मीटरचा असेल, तर 33 टक्केच. आत पंपाची आणि नळीची घट होते ती वेगळी.

उलट उघडा पंखा मोठा असतो, भरपूर पाणी हळू ढकलतो, त्यामुळे कमी वेगात तो किफायतशीर. साधारण 30 नॉटच्या पुढे मात्र त्याची पंचाईत होते. पात्याच्या मागे दाब इतका उतरतो की पाणी न तापताच उकळून बुडबुडे धरतं, आणि ते बुडबुडे फुटताना धातूला खड्डे पाडतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. ज्यांनी उन्हाळ्यात पाणी खाली गेलेल्या विहिरीवर मोटर रेटली आहे त्यांना हा प्रकार माहीत आहे: पंपात खडे फिरल्यासारखा आवाज येतो, आणि पुढे पंप खोलला की इंपेलर देवी आल्यासारखा दिसतो. आमच्याकडे असे दोन इंपेलर अजून कोठ्यात पडून आहेत.

गस्तीची नौका बहुतेक तास सावकाश फिरते, पाठलाग क्वचित. तिने पंखा घेतला यात डिझेलचा हिशेब असावा, असा माझा अंदाज. शिवाय सुटे भाग देशातलेच. अर्नाळाला किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात वावरायचं आहे, तिथे तळाखाली काही लोंबत नसणं मोलाचं. दोघांचं पाणी वेगळं, म्हणून यंत्रही वेगळं.

सुधारणा नेमकी कुठे चालली आहे, हेही यातूनच कळतं. सध्याची बरीच धडपड इंपेलरच्या रचनेवर आहे. पूर्वी पाणी थोडं बाहेर फेकत पुढे नेणारे मिश्र-प्रवाहाचे पंप असत. आता पाणी सरळ रेषेत नेणारे, कमी व्यासाचे पंप येताहेत. अमेरिकी नौदलाच्या संशोधन विभागाने रोल्स-रॉइसबरोबर असा पंप विकसित करून यूएसएस मिलवॉकी या 40 नॉटच्या नौकेवर बसवला. तेवढ्याच जागेत जास्त ताकद आणि कॅव्हिटेशन कमी, असा त्यामागचा उद्देश. दुसरी सुधारणा नियंत्रणाची. जेट स्कीवर थ्रॉटल सोडला की फवारा थांबतो, आणि फवारा थांबला की वळणंही थांबतं. घाबरलेला माणूस नेमका थ्रॉटलच सोडतो, आणि समोर जे असेल त्यावर जाऊन आदळतो. आताच्या मोठ्या बोटींत इंजिन चालूच ठेवून झडप अर्धी खाली आणतात, म्हणजे अर्धा फवारा पुढे आणि अर्धा मागे जातो. बोट जागच्या जागी उभी राहते, हवी तशी वळते, आणि हे सगळं एका जॉयस्टिकवर होतं. बुडणाऱ्या माणसाजवळ बोट धरून ठेवायला यापेक्षा चांगली सोय मला माहीत नाही.

पण मला विचाराल तर सगळ्यात कमी बोललं जातं ते पाणी आत घेणाऱ्या तोंडाबद्दल, आणि आमचं घोडं तिथेच अडतं. कमी वेगात पाणी ओढून घ्यावं लागतं, जास्त वेगात ते आपोआप आत धडकतं. एकच तोंड दोन्हींना नीट जमत नाही, मधला आकार काढावा लागतो. लाटेवर बोट उचलली की हवा आत जाते, इंपेलर मोकळा फिरतो, इंजिन किंचाळतं. मोटर हवा धरते तसंच. आणि कचरा! तोंडावर जाळी लावतात, पण जाळी बारीक केली तर पाणी अडतं, मोठी ठेवली तर काडीकचरा आत जातो. उपाय आहेत: जाळी साफ करणारा दाता, वरून हात घालायला झाकण, काही यंत्रांत इंपेलर उलटा फिरवून कचरा बाहेर फेकायची सोय. तरी जाळीवर एक ओली गोणी चिकटली की खेळ खलास.

आता आमच्या पुराचं पाणी आठवा. ते न्यूझीलंडच्या नदीसारखं स्वच्छ गोट्यांवरून वाहणारं पाणी नसतं. उभ्या सोयाबीनवरून, तुरीवरून, उसाच्या पाचटावरून आलेलं असतं. त्यात ठिबकच्या नळ्या, कुंपणाच्या तारा, बाभळीच्या फांद्या, प्लॅस्टिक, मेलेली जनावरं. एनडीआरएफच्या रबरी बोटींना मागे आउटबोर्ड मोटर असते, तिच्या पंख्याला यातलं काहीही गुंडाळतं. पण पंख्याचं एक आहे: मोटर वर उचलली की गुंडाळलेलं दिसतं आणि विळ्याने कापता येतं. जेटच्या तोंडात अडकलेलं बोटीखाली असतं. झाकण नसेल तर जवानाला भर प्रवाहात उतरावं लागेल.

आउटबोर्डलाच खाली पंखा काढून जेट पंप लावलेली मोटरही मिळते. तिचा साधारण नियम असा की सुमारे 30 टक्के ताकद जाते, 40 हॉर्सपॉवरची मोटर 28 ची असल्यासारखी ओढते. पुरात बोट वेगाने जात नसते. दहा माणसं, एखादी बाळंतीण, दोन शेळ्या घेऊन ती प्रवाहाच्या विरुद्ध सावकाश सरकत असते. म्हणजे वर केलेल्या हिशेबातला 33 टक्क्यांचा प्रसंग.

जेटच्या बाजूचीही एक गोष्ट मी पुतण्याला सांगितली, कारण ती खरी आहे. पाण्यात माणसं असताना उघडा पंखा जीवघेणा असतो. जेटला तो धोका नाही. मात्र तळाच्या तोंडाची ओढ दोरी, मोकळे केस, साडीचा पदर ओढून घेऊ शकते, तेव्हा तिथेही माणूस बाजूनेच वर घ्यायला हवा. पंख्याभोवती जाळीचं कडं बसवता येतं, त्याने थोडी ताकद जाते पण पाय वाचतो.

म्हणून माझं मत असं झालं: जिल्ह्याने आज पैसे घालायचे तर साध्या आउटबोर्डला कडं, जास्तीचे पंखे, आणि दर पावसाळ्याआधी सराव केलेली स्थानिक पोरं यांवर घालावेत. जेट बोट घ्यायचीच असेल तर आधी एक घ्यावी, आणि तिची परीक्षा माकणीच्या निम्न तेरणा धरणाच्या फुगवट्यावर, पाण्यात मुद्दाम सोयाबीनचा भुस्सा आणि पाचट टाकून, दहा माणसांच्या वजनाच्या गोण्या भरून घ्यावी. विक्रेत्याच्या व्हिडिओत बोट नेहमी रिकामीच असते.

हे सगळं ऐकून पुतण्या म्हणाला, "मग आपल्या पाण्याला चालणारा जेट आपणच का नाही बनवत? पंपच तर आहे."

इथे मात्र मी गप्प झालो. किर्लोस्करवाडीत 1910 पासून कारखाना उभा आहे, पंपांसाठी तो देशभर ओळखला जातो. कोल्हापूरच्या फाउंड्र्या कास्टिंग ओततात. एप्रिल 2025 मध्ये नौदलाने पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सशी 6 मेगावॉटचं सागरी डिझेल इंजिन विकसित करण्याचा 270 कोटींचा करार केला, त्यातला 70 टक्के खर्च सरकारचा. मोठ्या वॉटरजेटच्या बाजारात मात्र दबदबा न्यूझीलंड, स्वीडन, फिनलंडच्या कंपन्यांचा. गाळ आणि काडीकचरा पचवणारा पंप हा त्यांचा रोजचा प्रश्न नाही, तो आमचा आहे. सांडपाण्यासाठी घाण पाणी ओढणारे, मोकळ्या पात्यांचे पंप आपल्याकडे बनतातच. त्यातून बोटीपुरता हलका पंप काढायला ऑर्डर किती मिळणार, हा खरा अडसर दिसतो. एका जिल्ह्याच्या चार बोटींसाठी कोणी साचा ओतणार नाही. गोदावरी, कृष्णा, भीमा आणि मांजरा खोऱ्यांतल्या सगळ्या जिल्ह्यांनी मिळून मागणी एकत्र नोंदवली, तर ओतेलही.