यंत्राने कधी झोपावे?

२०२५ ची दिवाळी. फराळाच्या निमित्ताने आम्ही निफाड तालुक्यात मामांकडे गेलो होतो. मे महिन्यात सुरू झालेला पाऊस ऑक्टोबर सरत आला तरी पाठ सोडत नव्हता. चहाचा कप खाली ठेवून मामा मला थेट द्राक्षबागेत घेऊन गेले. वेलींच्या ओळीत एका खांबावर पांढरी पेटी होती आणि तिच्यावर तळहाताएवढे सौरपॅनेल.

“भाच्या, तीन दिवस आभाळ भरलेलं होतं, आणि तेव्हाच ही बया गप्प! मला वाटलं, इशारा नाही म्हणजे धोका नाही.”

मामांचा हा त्रागा एका घरापुरता नाही. ऑक्टोबर छाटणीनंतरची कोवळी पाने किती तास ओली राहिली आणि तेव्हा तापमान किती होते, यावर डाऊनीचा, म्हणजे केवड्याचा धोका ठरतो. तो वेळेवर कळला तर फवारणी नेमकी होते. नाही कळला, तर भीतीपोटी फवारण्या वाढतात किंवा घड हातचे जातात. याच विचाराने मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात ‘ॲग्रिसेन्स’ नावाचे बिनतारी संवेदकांचे जाळे उभारून पाहिले.

बागेत जागोजाग वीज नेणे परवडत नाही, तारा ट्रॅक्टरखाली तुटतात. म्हणून या पेट्या बॅटरीवर चालतात. आता खर्चाचा हिशेब पाहा. पानाचा ओलावा मोजायला वीज फारशी लागत नाही. ती खर्च होते रेडिओवर. गंमत म्हणजे, नुसते कान देऊन बसण्याचा खर्चही जवळजवळ बोलण्याएवढाच! त्या काळच्या अशा यंत्रांत रेडिओ चालू राहिला की सुमारे २० मिलिॲम्पियर प्रवाह लागे. दोन पेन्सिल सेलांचा साठा साधारण २५०० मिलिॲम्पियर-तासांचा. म्हणजे १२५ तासांत, जेमतेम पाच दिवसांत, खेळ खलास. तोच रेडिओ शंभरातला एकच क्षण जागा ठेवला, तर सेल हिशेबाने वर्षभराहून अधिक पुरतात. थोडक्यात, या यंत्राचे आयुष्य त्याच्या झोपेत आहे.

जाळ्यात आणखी एक पेच असतो. दूरच्या पेट्यांचे निरोप हातोहात मुख्य केंद्राकडे जातात. पूर्वी गल्लीत एकाच घरी टेलिफोन असला की त्या घरच्यांची जी दमछाक होई, तीच केंद्राजवळच्या पेटीची होते. ती आधी संपते आणि मागच्या सगळ्या पेट्या धडधाकट असूनही मुक्या होतात. यावर उपाय आहेत: निरोप्याचे काम पाळीपाळीने वाटणे, आकडा बदलला तरच तो पाठवणे, किंवा कमी विजेत लांब पल्ला गाठणारे नवे रेडिओ वापरणे.

परंतु काटकसर म्हणजे आंधळी कंजुषी नव्हे. कोरड्या उन्हाळी दुपारी तासाला एक नोंद पुरेशी असते. पान ओले झाले की दर दहा मिनिटांची हवी. म्हणजे सूर्य दडलेला असतो तेव्हाच खर्च वाढतो. म्हणूनच बॅटरी वर्षाच्या सरासरी उन्हावर बेतून चालत नाही, सलग ढगाळ दिवसांवर बेतावी लागते.

हे आज सांगायचे कारण असे, की राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. यंत्रे बांधावर येतील, यावीतच. पण अनुदान देताना आणि घेताना दोन प्रश्न विचारायला हवेत. ऊन नसताना ही पेटी किती दिवस चालेल? आणि बॅटरी संपत आल्याचे ती स्वतः, गप्प होण्यापूर्वी, सांगेल का? ‘धोका नाही’ म्हणणारे यंत्र आणि बंद पडलेले यंत्र यांतला फरक शेतकऱ्याला मोबाइलवर दिसलाच पाहिजे. मामांचे नुकसान नेमके त्या न दिसलेल्या फरकाने झाले.

निघताना मामांनी पेटीवरची धूळ उपरण्याने पुसली. “काढून टाकणार नाही मी हिला,” ते म्हणाले, “पण पुढच्या वेळी विकणाऱ्याला आधी पावसाळ्याचं विचारीन.”