ओसाका पाहिले म्हणजे काय?

सरकारी कामानिमित्त अथवा निवृत्तीनंतर हौसेने जपानला जाऊन येणारे लोक आम्हां परप्रांतस्थ मराठी मंडळींत आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. परंतु त्यांच्याकडे ओसाका शहराची हकीकत विचारावी, तर ती दोन वाक्यांत आटोपते : किल्ला पाहिला, आणि दोतोनबोरीच्या कालव्याकाठी धावपटूच्या त्या प्रसिद्ध विजेच्या पाटीसमोर छायाचित्र काढले. जेवणाचे विचारावे, तर भारतीय उपाहारगृह सापडल्याचे समाधान! ह्याला प्रवास म्हणावयास आम्ही तयार नाही.

किल्ल्याविषयी आमचा आकस नाही. मात्र ज्या मनोऱ्यापुढे उभे राहून लोक तोयोतोमी हिदेयोशीच्या काळात शिरल्याचा आनंद मानतात, तो १९३१ साली बांधलेला काँक्रीटचा असून त्यात लिफ्टही आहे. तो नागरिकांच्या देणग्यांतून उभा राहिला, ही त्यातली सांगण्याजोगी गोष्ट. आणि तीच नेमकी कोणी सांगत नाही.

ओसाका हे मुळात व्यापाऱ्यांचे शहर. दोजिमा येथील तांदळाच्या बाजारास १७३० साली शोगुनच्या राजवटीने मान्यता दिली. तेथे वायद्याचे सौदे चालत. होक्काइदोहून गलबतांतून कोम्बू नावाची समुद्रवनस्पती येई, आणि तिचे सौम्य सार आजही येथल्या स्वयंपाकाचा पाया आहे. ‘देशाचे स्वयंपाकघर’ हे ह्या शहराचे बिरुद उगाच पडलेले नाही. म्हणून गल्लीतल्या साध्या दुकानात उदोनच्या जाड शेवया व त्यावरील गोडसर तळीव टोफू खाऊन वाडग्यातले सार शेवटच्या घोटापर्यंत पिणे, हेही इतिहासाचे वाचनच होय. शाकाहाऱ्यांची अडचण खोटी नाही. ह्या सारात बहुधा मासळीचा अंश असतोच. पण बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतले ‘शोजिन र्‍योरी’ हे निरामिष भोजन जपानचेच आहे. अडचण हे चौकशी न करण्याचे निमित्त होऊ नये.

तेनजिनबाशिसुजी ही सुमारे २.६ किलोमीटर लांबीची पेठ पायी चालावी. शहर बाजारहाट कसा करते ते तेथे दिसते. कितहामा भागात ओगाता कोआन ह्या वैद्याने १८३८ साली स्थापलेल्या तेकिजुकु विद्यालयाची वास्तू उभी आहे. डच भाषेतून पाश्चात्त्य विद्या शिकणाऱ्या तेथील विद्यार्थ्यांत फुकुझावा युकिची होते. १९८४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बुनराकु नाट्यगृहात तीन माणसे मिळून एक बाहुली जिवंत करतात. संध्याकाळी मोहल्ल्यातल्या सार्वजनिक स्नानगृहात जावे. आधी अंग स्वच्छ धुवावे आणि मगच सामाईक कुंडात उतरावे, हा तेथला शिष्टाचार.

आणि त्सुरुहाशी विसरू नये. १९१० ते १९४५ ह्या काळात कोरिया जपानच्या अंमलाखाली असताना कित्येक कोरियन कुटुंबे ओसाकात आली. त्यांच्या वंशजांच्या बाजारात आजही किमची विकली जाते. परक्या शहरात राहून स्वतःची चव राखणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. पण म्हणूनच ती पेठ त्यांनी टाळणे आम्हांस अधिक खटकते.

‘दोन दिवसांत एवढे कसे व्हावे?’ असे कोणी विचारील. होऊच नये! ह्यांतले एकच निवडावे आणि त्याला अर्धा दिवस द्यावा. नाहीतर ‘अपरिचित’ स्थळांची नवी यादी करून तीही धावत उरकणारे निघतील, आणि लोकांच्या दारांत कॅमेरे रोखतील. तो जुनाच दोष नव्या वेषात येईल.

हा दोष परदेशातच दिसतो असे नाही. कोलकात्यात वा कानपुरात तीन वर्षे काढून कचेरी, सरकारी निवासस्थान आणि महाराष्ट्र मंडळ ह्यांपलीकडे पाऊल न टाकणारे आमच्यांत थोडे नाहीत. बदली झाली की ते शहराला नावे ठेवीत निघतात. शेजारच्या बाजारात बसून चार घास खाण्याची ज्याला येथे सवय नाही, त्याला ती ओसाकात आयती लाभणार नाही. सुरुवात बदलीच्या गावापासूनच करावयास हवी.