पाव टाकून काढलेला फोटो

दिवाळीची सुट्टी लागली की जळगाव-धुळ्याहून गाड्या भरभरून मालवण-तारकर्लीला निघतात. आपल्याकडे समुद्र नाही, त्यामुळे हौस दांडगी. तिकडे गेलं की स्कुबा करायचंच आणि माशांच्या घोळक्यात अंगठा वर केलेला फोटो टाकायचाच. (डायव्हरच्या भाषेत अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’, पण असो!)

तो घोळका जमतो कसा, हे कोणी विचारतं का? पाव टाकून. मी गेलो तेव्हा सोबतच्या पोराने पाण्यात पाव कुस्करला आणि क्षणात काळ्या पट्ट्यांचे मासे तोंडाभोवती. कॅमेरा सुरू. व्हिडिओला लाईक मिळाले, मीही खूश. त्या पोराला दोष देऊ नका भाऊ. मासे दिसले नाहीत तर किनाऱ्यावर येऊन ‘पैसे परत द्या’ म्हणून भांडणारे आपणच असतो.

दुसऱ्या वेळी खडकाच्या कपारीत मोरे ईल दिसला. (आपल्या मोरे आडनावाशी संबंध नाही!) तापीतली वाम आठवा, तसा लांबुळका, पण जाडजूड. तोंड सारखं उघडझाप करत होता. शेजारचा पर्यटक हात पुढे करायला लागला, ‘चिडलाय’ म्हणून त्याला व्हिडिओ हवा होता. अहो, तो चिडलेला नसतो, श्वास घेत असतो. कल्ल्यांवरून पाणी फिरवायला त्याला तोंड उघडावंच लागतं. नजर अधू, वासावर चालणारा प्राणी. हाताला खाण्याचा वास लागलेला असेल तर बोट कुठलं आणि पाव कुठला, हे त्याला कळणार कसं? त्यात घशात जबड्यांची दुसरी जोडी असते, धरलेलं आत ओढून घेणारी. चावला की मग ‘खतरनाक मासा’ म्हणून बोंब मारायला आपण मोकळे.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. वन्यजीव कायद्यात प्रवाळ आणि वाघ एकाच अनुसूचीत, पहिल्या. यावलच्या जंगलात वाघाच्या पाठीवर पाय देऊन फोटो काढाल का? मग सेल्फीसाठी प्रवाळावर लाथा का? वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढणारे प्रवाळ त्यात असतात.

हतनूरच्या धरणावर पक्षी बघायला गेलो की हीच आपली मंडळी कुजबुजत बोलतात, तासभर थांबतात. पाण्याखाली तेवढा धीर कुठे जातो?

येत्या सुट्टीत जाणार असाल तर बुकिंग करतानाच सांगा : पाव नको, मासे दिसले नाहीत तरी पैसे पूर्ण देऊ. दहा गिऱ्हाईकं असं बोलली तर धंदा करणारेही ऐकतील, त्यांचं पोट आपल्यावरच आहे.

मोरे ईलचा माझा फोटो हललेला आहे, अर्धं तोंड कपारीत. कॉमेंटमध्ये टाकतो. पाववाला जुना व्हिडिओही काढलेला नाही, खुशाल शिव्या घाला.